लॅपटॉपच्या जागी लहान साधन : खरेदीपूर्वीचा विचार

गेल्या दहा-बारा वर्षांत खेड्यापाड्यांतील शिक्षक, पंचायत सचिव, सहकारी संस्थांचे चिटणीस आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या हाती लॅपटॉप आले. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे आता थकली आहेत. कोणाची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, तर कोणाच्या झाकणाच्या बिजागऱ्या निखळल्या आहेत. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-सुधारणा थांबविली. काही अटींवर एक वर्षाची मुदतवाढ देण्यात आली खरी. परंतु विंडोज ११ ही पुढील प्रणाली जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर रीतसर चढविता येत नाही, कारण तिला टी.पी.एम. २.० या नावाची सुरक्षा-चिप आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर आवश्यक असतो. परिणामी, यंत्र चालते आहे पण त्यावर विसंबता येत नाही, अशी अवस्था अनेकांच्या वाट्यास आली आहे.

अशा वेळी एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. पुन्हा दोन किलोचा लॅपटॉप घ्यावा, की त्याऐवजी टॅबलेट, घडीचा कळफलक जोडता येणारे यंत्र, किंवा मोठ्या पडद्याचा मोबाईलच पुरे? सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यातील ज्या शिक्षकास दोन बस बदलून शाळा गाठावी लागते, त्यास पिशवीतील दीड किलो वजन कमी होणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तथापि ही खरेदी बहुधा स्वतःच्या वेतनातून होते, आणि एकदा केलेली चूक पुढील चार-पाच वर्षे सोबत वागवावी लागते. म्हणून साधनांची जाहिरात पाहण्यापूर्वी त्यांच्या मर्यादा समजून घेणे हिताचे आहे.

हलक्या साधनाची हाव नवी नाही. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्येच मुलांना वहीप्रमाणे वागविता येईल अशा संगणकाची कल्पना मांडली होती व त्यास ‘डायनाबुक’ असे नाव दिले होते. १९८३ मध्ये टँडी कंपनीने विक्रीस आणलेले ‘मॉडेल १००’ हे यंत्र तर आजही अभ्यासण्यासारखे आहे. त्याच्या पडद्यावर प्रत्येकी चाळीस अक्षरांच्या केवळ आठ ओळी मावत. पण त्याचा कळफलक पूर्ण आकाराचा होता, आणि बाजारात कोठेही मिळणाऱ्या चार लहान सेलांवर ते सुमारे वीस तास चाले. वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतले. पडदा तुटपुंजा असूनही ते यशस्वी ठरले, कारण ज्यांना केवळ मजकूर लिहून टेलिफोनवरून धाडावयाचा होता त्यांचे काम त्यात पूर्ण होत असे.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ आणि एन्कोर या कंपनीचे तंत्रज्ञ यांनी एकत्र येऊन ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे यंत्र सिद्ध केले. एकच यंत्र गावात अनेकांनी वापरावे व प्रत्येकाने आपली माहिती स्वतंत्र कार्डावर ठेवावी, ही त्यामागील कल्पना खरोखर आपल्या मातीतली होती. कर्नाटक शासनाने जमिनीच्या नोंदी गोळा करण्यासाठी ते वापरलेही. मात्र अपेक्षेइतका त्याचा प्रसार झाला नाही. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ या टॅबलेटचे अनावरण झाले. शासनास तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. किमतीचे कौतुक झाले. पण त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइटची आणि पडदा बोट दाबल्याशिवाय न उमगणारा होता. पुढील आवृत्तीत यातील काही उणिवा दूर करण्यात आल्या. ज्या साधनावर पान उघडण्याची वाट पाहावी लागते, ते कितीही स्वस्त असले तरी आठवड्याभरात कपाटात जाते, हे त्या पहिल्या आवृत्तीने पुरेसे स्पष्ट केले.

तेव्हा आरंभ साधनापासून न करता कामापासून करावा. एका कोऱ्या कागदावर सात दिवस आपण लॅपटॉपवर नेमके काय केले ते लिहून काढावे. मोघम नोंद उपयोगाची नाही. ‘कार्यालयीन काम’ असे न लिहिता ‘ग्रामसभेचे इतिवृत्त, मराठीत, चार पाने, जुन्या नमुन्यावरून’ असे लिहावे. या यादीत बहुधा तीन प्रकारची कामे आढळतात. वाचणे, पाहणे, फोटो काढून पाठविणे, संकेतस्थळावर चार रकाने भरणे ही कामे टॅबलेटवर लॅपटॉपइतकीच, किंबहुना अधिक सुखाने होतात. पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ मध्ये सुरू झाले आणि अंगणवाडी सेविकांच्या नोंदी मोबाईलवरूनच जाऊ लागल्या. त्या कामास लॅपटॉपची गरजच नव्हती. दुसरा प्रकार दीर्घ लेखनाचा. तिसरा प्रकार विशिष्ट जोडणीवर किंवा विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून असणाऱ्या कामांचा. पुढील सर्व विवेचन मुख्यतः या दोन प्रकारांसाठी आहे.

मराठीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा कळफलकापाशी होते, आणि दुकानदार नेमके याच बाबतीत काही सांगत नाही. पडद्यावर उमटणाऱ्या कळफलकाने मराठी लिहिणे आज सोपे झाले आहे. रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी मिळते, बोटाने लिहिलेले अक्षर ओळखले जाते, बोललेले वाक्यही बऱ्यापैकी उमटते. चार ओळींच्या निरोपास हे पुरे. परंतु आडव्या धरलेल्या टॅबलेटवर हा कळफलक जवळजवळ अर्धा पडदा व्यापतो आणि लिहीत असलेला मजकूर उरलेल्या पट्टीत कोंबला जातो. चार पानांचे इतिवृत्त अशा रीतीने लिहिणाऱ्याची मान व मनगटे दोन्ही दुखू लागतात. म्हणून बाहेरचा कळफलक जोडणे ओघानेच आले, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. काही टॅबलेटांवर बाहेरचा कळफलक जोडताच मराठीची सोय नाहीशी होते व केवळ इंग्रजी उरते; काहींवर ती वेगळ्या ॲपच्या साहाय्याने मिळवावी लागते. विंडोजवर इनस्क्रिप्ट रचना फार पूर्वीपासून आहे, आणि २०१९ च्या सुधारणेत मराठीसाठी उच्चारानुसारी कळफलकही आला. ज्याच्या बोटांना विंडोजची सवय आहे, त्याने दुसऱ्या प्रणालीकडे जाण्यापूर्वी आपली रचना तेथे बाहेरच्या कळफलकावर चालते का, हे दुकानातच करून पाहिले पाहिजे.

इनस्क्रिप्टविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, अशी ही रचना सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. देवनागरीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्यांना दोन्ही भाषांत पत्रव्यवहार करावा लागतो, त्यांना एकदाच घेतलेले शिक्षण दोन लिप्यांना पुरते. गोव्यातही १९८७ च्या राजभाषा अधिनियमानुसार कोकणी राजभाषा आहे व शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. एकाच टेबलावर कोकणी, मराठी आणि इंग्रजी असे तीन भाषांतील कागद येतात. अशा ठिकाणी भाषा बदलण्याची कळ किती सहज हाताशी येते, ही बाब प्रोसेसरच्या वेगापेक्षा महत्त्वाची ठरते. जुन्या टंकलेखकांची अडचण मात्र निराळी आहे. रेमिंग्टन टंकयंत्रावर बोटे बसलेल्या लिपिकास टॅबलेटवर ती रचना सहजासहजी मिळत नाही. त्याने विंडोज प्रणालीचे हलके यंत्र घेणेच श्रेयस्कर.

दुकानात परीक्षा घेण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द तेथल्या तेथे टाइप करावेत. पहिल्यातील रफार आणि दुसऱ्यातील आडवा ‘र’ ही दोन्ही रूपे नीट उमटली, तर त्या यंत्रावर मराठीचा विचार झालेला आहे असे समजावे. ती न उमटल्यास निमंत्रणपत्रिका भलत्याच व्यक्तीस जाण्याचा धोका! तीच गोष्ट ‘ॲ’ या अक्षराची. युनिकोडमध्ये त्यास २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी ‘अ’ वर चंद्र ठेवून काम भागविले जाई. दोन्ही दिसतात सारखी, पण संगणक त्यांना भिन्न मानतो, आणि मग शोधूनही फाईल सापडत नाही.

याहून गंभीर प्रश्न जुन्या मजकुराचा आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी पंचायती, शाळा व पतसंस्था यांमधील मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टाइप होत असे. त्यात प्रत्यक्ष साठविलेली अक्षरे रोमन सांकेतिक चिन्हांची असत. देवनागरी रूप देत असे तो फाँट. असा फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाईल उघडली, की पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. लॅपटॉपवर फाँट बसवून वेळ निभावून नेता येते. टॅबलेटवरील लेखन-ॲप पुष्कळदा ती मुभा देत नाही. वीस वर्षांचे ठराव, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या संहिता, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या टिपा एका दिवसात वाचता येईनाशा झाल्या, तर ती हानी नव्या यंत्राच्या किमतीत मोजता येणार नाही. उपाय आहे, पण तो जुना लॅपटॉप चालू असतानाच केला पाहिजे. फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके उपलब्ध आहेत; त्यांच्या साहाय्याने मजकूर बदलून घ्यावा, जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रतही काढून ठेवावी.

आता वजन आणि पडदा. सर्वसाधारण अकरा इंची टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. परंतु त्यास कळफलक, उभे राहण्याचे आवरण आणि चार्जर जोडला, की एकूण भार सव्वा किलोच्या घरात जाऊ शकतो. आणि तेवढ्याच वजनाचे चांगले लॅपटॉपही बाजारात आहेत. तागडीत एकटा टॅबलेट न ठेवता सारी सामग्री ठेवावी. पडद्याची मापे कर्णावर सांगितली जातात, त्यामुळे साडेपंधरा आणि अकरा यांत फारसे अंतर नाही असा भास होतो. प्रत्यक्षात १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस इंच, अकरा इंची टॅबलेटचे सुमारे ५४, आणि साडेसहा इंची मोबाईलचे अवघे १६ भरते. शिष्यवृत्तीच्या यादीचे चौदा रकाने एका दृष्टिक्षेपात पाहावे लागत असतील, तर निम्म्या पडद्यावर बोट सरकवीत बसण्यात वेळ जातो व चुका वाढतात. दीर्घ मराठी मजकुराचे प्रूफ वाचणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. अनुस्वार व मात्रा लहान आकारात डोळ्यांना चकवितात.

विजेच्या बाबतीत मात्र टॅबलेटची बाजू निःसंशय वरचढ आहे. त्याची बॅटरी लॅपटॉपहून लहान असली तरी खर्च त्याहूनही कमी असतो, त्यामुळे शाळेचा पूर्ण दिवस सहसा निघून जातो. पावसाळ्यात झाड तारांवर पडले आणि वाडीचा पुरवठा दोन दिवस खंडित झाला, तरी मोबाईलचा पॉवर बँक त्यास उपयोगी पडतो. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा असते व त्यातील पाव ते तृतीयांश भाग रूपांतरात जातो. उरलेल्या ऊर्जेत टॅबलेटचे बहुतेक चार्जिंग होते. लॅपटॉपला मात्र बहुधा ४५ ते ६५ वॉटचा पुरवठा लागतो आणि साधा पॉवर बँक त्यापुढे हात टेकतो.

जोडणीचे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात, पण काम अडते ते त्यांच्याचमुळे. टॅबलेटला सी प्रकारचे छिद्र आहे म्हणजे त्यातून प्रोजेक्टरला चित्र जाईलच असे नव्हे. स्वस्त यंत्रांतील हे छिद्र पुष्कळदा चार्जिंग व फाईल पाठविण्यापुरतेच असते. शाळेतील प्रोजेक्टरवर धडा दाखविणाऱ्या शिक्षकाने हे आधी विचारावे. कार्यालयातील जुना, तारेने जोडावयाचा प्रिंटर टॅबलेटशी बोलेलच याची शाश्वती नाही. विंडोजवर एन.टी.एफ.एस. पद्धतीने तयार केलेला पेन ड्राइव्ह पुष्कळ अँड्रॉइड यंत्रांना वाचता येत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन हा तर पंचायत सचिव, मुख्याध्यापक व ठेकेदार यांच्या नित्य वापरातील. त्याचे सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज व तत्सम संगणक-प्रणालींसाठी असते. एक्सेलमध्ये मॅक्रो बसवून तयार केलेले वेतनपत्रक टॅबलेटच्या आवृत्तीत उघडते, पण मॅक्रो चालत नाहीत. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या पडद्यावर हेच कार्यालयीन ॲप संपादनासाठी वार्षिक शुल्क मागू शकते, हाही खर्च हिशेबात धरावा. आणि केवळ वायफायचे यंत्र घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी : अशा काही यंत्रांत उपग्रहाद्वारे स्थान दाखविणारी जी.पी.एस. व्यवस्थाच नसते. शेतात उभे राहून पिकाची नोंद करणाऱ्यास ते यंत्र निरुपयोगी.

पाऊस व खारे वारे यांचा विचार किनारपट्टीवर टाळता येत नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक दिलेले असतात. पहिला धुळीपासूनचा बचाव दर्शवितो, दुसरा पाण्यापासूनचा. दुसरा अंक चार असेल तर सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतात. सात असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. परंतु या चाचण्या स्वच्छ, गोड्या पाण्यात होतात. होडीतून किंवा फेरीबोटीतून जाताना अंगावर आलेल्या खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही. ओल्या छिद्रात चार्जरची तार खुपसणे हे सर्वांत घातक, कारण तेथील धातू गंजून जोडणी कायमची बिघडते.

आयुष्याचा प्रश्न यंत्राच्या बळकटीशी जेवढा निगडित, त्याहून अधिक तो सुरक्षा-सुधारणांशी आहे. ज्या कारणाने जुना लॅपटॉप बाद होत आहे, तेच कारण स्वस्त टॅबलेटला दोन वर्षांतच गाठू शकते. काही उत्पादक सात वर्षांपर्यंत सुधारणांचे आश्वासन देतात. सॅमसंगने २०२४ च्या आपल्या वरच्या श्रेणीतील मोबाईलसाठी तसे जाहीर केले. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमबुकसाठी दहा वर्षांची मुदत घोषित केली. मात्र ही वर्षे गिऱ्हाइकाने यंत्र खरेदी केल्या दिवसापासून मोजली जात नाहीत, तर ते मॉडेल किंवा त्याचा मूळ साचा बाजारात आल्यापासून मोजली जातात. सवलतीच्या दरात मिळणारे तीन वर्षांपूर्वीचे मॉडेल म्हणून स्वस्त असते.

या सर्व बाबी ध्यानी घेता, प्राथमिक शिक्षक, ज्याचे काम पाठ दाखविणे, हजेरी नोंदविणे, फोटो पाठविणे व आठवड्यातून एखादे पत्र लिहिणे एवढे आहे, त्यास सिमकार्डाची सोय असलेला अकरा इंची टॅबलेट आणि दुकानात मराठीची परीक्षा उत्तीर्ण झालेला कळफलक पुरेसा होईल. कळफलक घेताना कळांमधील अंतर पाहावे. पूर्ण आकारात ते सुमारे १९ मिलिमीटर असते, त्याहून फार कमी असल्यास जोडाक्षरे लिहिताना बोटे अडखळतात. पंचायत सचिव किंवा संस्थेचा हिशेबनीस यांनी लॅपटॉप सोडू नये. हिंडतेवेळी टॅबलेट हवाच असेल, तर विंडोज प्रणालीचे, कळफलक सुटा होणारे यंत्र पाहावे. पण त्यातील साठवण ३२ किंवा ६४ गिगाबाइटचीच असेल, तर प्रणालीच्या सुधारणांनाच जागा उरत नाही, असे घेऊ नये. विद्यार्थ्याचे काम त्याच्या शाखेवर ठरते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास जे साधन चालेल, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास किंवा नकाशे आखणाऱ्यास चालणार नाही. आणि ज्याच्या खिशात दोन वर्षांपूर्वीचा उत्तम मोबाईल आहे, त्याने आधी आठशे-हजार रुपयांचा कळफलक त्यास जोडून आठवडाभर काम करून पाहावे. कदाचित नवे काहीच घ्यावे लागणार नाही.

राहिला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी फुगून तळाचे झाकण उचलले गेले असेल, तर तो चार्जिंगला लावू नये. बॅटरी काढून घ्यावी. अन्यथा, लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून तो घरच्या टेबलावर लेखनासाठी कित्येक वर्षे वापरता येतो, आणि तिच्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. तो कोणास द्यावयाचा किंवा मोडीत काढावयाचा असेल, तर सर्व फाईली दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात, साठवण पूर्णपणे पुसून टाकावी, आणि यंत्र भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता नोंदणीकृत संकलकाकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये असा कचरा शास्त्रीय रीतीने पुनर्चक्रित करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, व त्यासाठी विक्रेत्याकडे विचारणा करता येते.